विंटेज गाडीची रोड टेस्ट : चाकं थरथरतात, दोष शॉकअपचा की एक्सलचा? (१९३४ रोल्स-रॉइस २०/२५)

पहाटेचा_सारथी

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय, मदत हवी आहे.

आमच्या शेजारच्या काकांची १९३४ची रोल्स-रॉइस २०/२५ अकरा वर्षं ठोकळ्यांवर उभी होती. गेल्या दिवाळीपासून मी आणि एक जुने मिस्त्री मिळून तिचं खालचं काम करतोय. चारही शॉकअप उघडून सील बदलले, तेल भरलं. ब्रेकच्या शूंना नवे लायनर रिव्हेट करून घेतले. पुढचा एक्सल सोडवून किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं ती) आणि बुश नवे टाकले. कमानपाटे (एकावर एक पानं रचलेल्या स्प्रिंग) बाहेर एका पाटेवाल्याकडे देऊन कमान भरून आणली. इंजिनाला हात लावलेला नाही, ते घड्याळासारखं चालतं.

मागच्या रविवारी पहाटे साडेपाचला पानशेत रस्त्याला पहिली फेरी मारली. ३५ मैलांपर्यंत (स्पीडोमीटर मैलांचा आहे, म्हणजे ताशी ५५ किमीच्या आसपास) गाडी अगदी लोण्यासारखी. ४० मैलांना एका लहान पुलाचा जोड ओलांडला आणि पुढची दोन्ही चाकं आळीपाळीने थडथड उडायला लागली. स्टेअरिंग हातात इतकं हललं की मनगटं दुखली. घाबरून ब्रेकवर हलका पाय ठेवला, तर थरथर लगेच थांबली. वेग तेव्हा फारसा उतरलाही नव्हता. परतताना त्याच जोडावर पुन्हा तेच.

आणखी दोन-तीन गोष्टी लिहून ठेवल्यात. गाडी लावताना स्टेअरिंग पूर्वीपेक्षा जड वाटतं, आणि वळण संपलं की झटक्याने सरळ होतं. ब्रेकचा पुढचा डावा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो. मागे बसलेल्या मिस्त्रींना गाडी होडीसारखी पुढे-मागे डुलते असं वाटलं.

ओळखीचे सगळे सांगतात की शॉकअप कडक करा, जाड तेल भरा, थरथर जाईल. करू का?

---

ब्यूइकवाला_अमरावती

करू नका, सारथी. हे मी करून बसलोय.

माझी १९३८ची ब्यूइक. हिला चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आहेत, आणि पुढे शॉकअपचा दांडाच सस्पेन्शनचा वरचा हात म्हणून काम करतो. चाक थरथरायचं म्हणून एका गॅरेजवाल्याने जाड तेल भरून दिलं. थरथर दोन महिने गेली. मग एक दिवस खालून खटखट ऐकू येऊ लागली. पाहतो तर शॉकअप चेसिसला धरणारे बोल्ट ढिले होऊन भोकं लांबट झालेली. मूळ दोष काय होता? एक रिम वाकडी. शॉकअपने तो दोष झाकला आणि सगळा मार चेसिसने खाल्ला.

---

कमानपाटे_कोल्हापूर

सारथीदादा, पाटे भरून आणलेत म्हणताय. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर होती का? उताराची पितळी किंवा लोखंडी पट्टी, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. जुन्या गाड्यांत कुणी ना कुणी कधीतरी घातलेली असतेच. कामाला आलेले पाटे सोडताना ती पाचर पोरं डब्यात टाकतात आणि बसवताना जाड बाजू कुठं होती ते कुणाच्या ध्यानात राहत नाही. आमच्याकडं मी पहिल्यांदा खडूनं बाण काढतो आणि मगच नट सोडतो.

एवढं बघा आणि सांगा.

---

निवृत्त_चाचणीकार

कोल्हापूरकरांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय असं मला वाटतं. माझा बत्तीस वर्षांचा धंदा गाड्या चालवून तपासण्याचा होता, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सारथी, तुमच्या टिपणातच उत्तर आहे. स्टेअरिंग जड, वळणानंतर झटक्याने सरळ, आणि ब्रेक लावला की थरथर बंद. पहिल्या दोन खुणा कॅस्टर जास्त असल्याच्या. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिलं असता किंगपिन किती मागे झुकलेली आहे तो कोन. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो तसंच. तो कोन बेताचा असेल तर गाडी सरळ धावते. फार वाढला तर चाक स्वतःला सरळ करायला इतकं उतावीळ होतं की मध्यावर थांबत नाही, पलीकडे जातं, पुन्हा परत येतं. सलग एक्सलवर दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली, त्यामुळे एकाची थरथर दुसऱ्याला लागते.

तिसरी खूण सगळ्यात बोलकी. पुढचा ब्रेक लागला की ड्रम शूंना आपल्याबरोबर फिरवू पाहतो. शू एक्सलवर बसलेले, म्हणून अख्खा एक्सल कमानपाट्यांना पीळ देत किंचित पुढे कलतो. किंगपिनचं वरचं टोक पुढे येतं, म्हणजे तेवढ्यापुरता कॅस्टर कमी होतो. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून नकळत कॅस्टर कमी केलात आणि थरथर थांबली. शॉकअपचा दोष असता तर हलक्या ब्रेकने इतका लगेच फरक पडला नसता.

आता क्रम. माझ्या मते आधी ब्रेक, मग एक्सल आणि स्टेअरिंग, आणि शॉकअप सगळ्यात शेवटी. चिकटणारा ब्रेक गाडी ओढतो आणि आपण अलाइनमेंटला दोष देतो. चुकलेला एक्सल थरथरतो आणि आपण शॉकअपला दोष देतो. शॉकअपची परीक्षा बाकी सगळं निर्दोष झाल्यावरच खरी होते.

पुढच्या फेरीआधी टायरमधली हवा थंड असताना मोजून लिहा. गाडीत तितकीच माणसं, तोच रस्ता, तीच वेळ. एका फेरीत एकच बदल. आणि सोबत एक माणूस फक्त लिहायला, चालवणाऱ्याने लिहू नये.

---

डर्बीकर

मी पंधरा वर्षं इंग्लंडमधल्या डर्बीत राहतो. ज्या नाइटिंगेल रोडच्या कारखान्यात काकांच्या गाडीची चेसिस तयार झाली तो माझ्या घरापासून लांब नाही. तिथे १९०८ पासून गाड्या होत होत्या, दुसऱ्या महायुद्धानंतर ते काम इंग्लंडमधल्याच क्रू गावी गेलं. त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

रोड टेस्ट हा या कंपनीचा पायाच. १९०७ साली सिल्व्हर घोस्ट लंडन ते ग्लासगो मार्गावर फेऱ्या मारत राहिली. १४,३७१ मैल सक्तीच्या थांब्याशिवाय झाले, आणि १५,००० मैल झाल्यावर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांसमोर ती पूर्ण खोलून प्रत्येक भागाची झीज मोजली. मला यातला मोजण्याचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. गाडी पळाली याला महत्त्व आहेच, पण परत आल्यावर ती उघडून पाहिली याला जास्त.

पुढे अर्नेस्ट हाइव्ह्ज यांच्या प्रायोगिक विभागाने फ्रान्सच्या मध्यभागी शातोरू गावी तळ ठेवला. तिथले रस्ते लांब, सरळ आणि खडबडीत, इंग्लंडमध्ये तसे मिळत नव्हते. प्रायोगिक गाड्या तिथे हजारो मैल पळवत, काय तुटलं ते डर्बीला कळवत. शिवाय डर्बीत गाडी जागेवर उभी करून खालून गचके देणारं यंत्र होतं. कमकुवत कंस, सैल रिव्हेट त्यावर लवकर उघडे पडायचे.

तुमच्या थरथरीचंही मूळ त्याच काळात आहे. १९२४च्या शेवटी रोल्स-रॉइसने पुढच्या चाकांना ब्रेक दिले. गिअरबॉक्समधून फिरणाऱ्या यांत्रिक सर्व्होची (ब्रेकला जोर देणाऱ्या यंत्रणेची) कल्पना हिस्पानो-सुइझा या कंपनीकडून परवाना घेऊन आणलेली. त्याच सुमारास कमी दाबाचे फुगीर टायर आले. पुढच्या सलग एक्सलवर जड ड्रम आणि मऊ टायर एकत्र आल्यावर चाकांची थरथर ही सगळ्याच कंपन्यांची डोकेदुखी झाली. १९३६च्या फँटम थ्रीला पुढची चाकं स्वतंत्र करून त्यांनी तिच्यातून सुटका करून घेतली. २०/२५ला मात्र शेवटपर्यंत सलग एक्सलच.

---

मीनल_नाशिक

वाचून खूप शिकतेय. माझ्या बाबांची १९६७ची मर्सिडीज २५० एस आहे, मागे स्विंग एक्सल, म्हणजे प्रत्येक चाक आपल्या अर्ध्या एक्सलसकट वर-खाली झुलतं. तुमच्या गाडीहून अगदी वेगळी रचना, पण मोजमापाबद्दल एक अनुभव सांगते, कारण आम्ही त्यात फसलो होतो.

गाडी जॅकवरून खाली घेतली आणि लगेच मागच्या चाकांचा कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन) मोजला. चाकं वरून बाहेर, खालून आत. आम्हाला वाटलं स्प्रिंग चुकीच्या बसल्या. दोन दिवस डोकेफोड केली. मग एका अनुभवी काकांनी सांगितलं की स्विंग एक्सलवर चाक लटकलं की आत वळतं, आणि खाली टेकल्यावर टायरची पकड त्याला पुन्हा पसरू देत नाही. गाडी दहा-पंधरा मीटर पुढे-मागे ढकलली, मागच्या बाजूला दोन-तीनदा दाबली आणि मोजलं, तर सगळं बरोबर होतं.

तुमच्याकडेही जॅकवरून उतरवल्यावर गाडी थोडी चालवून, पाटे आपल्या जागी बसल्यावरच कॅस्टर मोजा.

---

पहाटेचा_सारथी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार गॅरेजमध्येच गेला. आधी ब्रेक.

चाचणीकार काकांनी व्यनिमध्ये (खासगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे केलं. मोकळा सपाट रस्ता, ३० मैलांवरून आठ वेळा मध्यम ब्रेक, आणि लगेच उतरून इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही ड्रम. पुढचा डावा १३१ अंश, पुढचा उजवा ९२, मागचे ८४ आणि ८७. डाव्या ड्रमजवळ नाक नेलं तर लायनर जळल्याचा तो ओळखीचा कडवट वास.

चाक काढलं. शू उघडणाऱ्या कॅमचा शाफ्ट बुशमध्ये आवळून बसलेला, कारण अकरा वर्षांपूर्वीचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. ब्रेक लागायचा, पण सुटायला उशीर. लायनर बदलताना शाफ्ट हाताने फिरवून पाहायला हवा होता, तो आम्ही पाहिला नाही. साफ करून, ग्रीस भरून पुन्हा आठ वेळा ब्रेक मारले : पुढचे ९६ आणि ९३. आता स्टेअरिंग हलकेच धरून ब्रेक मारला तरी गाडी सरळ थांबते.

या सर्व्होची सवय करून घ्यावी लागते, हे इतर मालकांसाठी सांगतो. सर्व्होची चकती गिअरबॉक्सच्या जोरावर फिरते, म्हणजे गाडी चालत असेल तरच तो मदत करतो. गॅरेजात शिरताना, मुंगीच्या पावलांनी जाताना पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही असं वाटतं, मग मदत येते. त्या वेळी हात हँडब्रेकवर हवा. काकांनी पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं.

थरथर अजून तशीच आहे. पाचर उद्या बघतो.

---

ब्यूइकवाला_अमरावती

९६ आणि ९३ ऐकून बरं वाटलं. एक शंका. ही गाडी अशी चाचणीसाठी रस्त्यावर काढता येते ना? आमच्याकडे एकाला अडवलं होतं.

---

निवृत्त_चाचणीकार

२०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, 'व्हीए' मालिकेची. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालत नाही, पण देखभाल, इंधन भरणं, प्रदर्शन, रॅली यांसाठी गाडी काढायला मुभा आहे. कागद गाडीत ठेवा आणि दुरुस्तीची नोंदवही सोबत असू द्या.

---

पहाटेचा_सारथी

सापडलं!

पाचर आहे. दोन्ही बाजूंना पितळी, प्रत्येकी दोन अंशांची. मूळ गाडीची नव्हे, आधीच्या कुणीतरी बसवलेली. आत्ता जाड बाजू मागे आहे. म्हणजे पाट्याखाली एक्सल मागच्या बाजूला झुकतो, कॅस्टर वाढतो.

आधी कशी होती? मिस्त्रींना आठवेना. मग मी काम सुरू करताना मोबाइलवर काढलेले फोटो चाळत बसलो. रात्री अकरा वाजता एक फोटो मिळाला, खरं तर मी ग्रीस निपलचा काढलेला. कोपऱ्यात डावा पाटा दिसतो, आणि त्याखाली पितळेची जाड कड रेडिएटरच्या दिशेला. पाचर बाहेर काढली तर त्या जाड कडेवर पंचने मारलेले दोन ठिपके होते. ते ज्या माणसाने मारले त्याने ते आमच्यासाठीच मारले होते, आणि आम्ही ते पुसून, स्वच्छ करून, उलटे बसवले.

दोन अंश कमी करणारी पाचर उलटी बसली की दोन अंश वाढवते. एकूण चार अंशांचा फरक!

पाचर फिरवली, यू-बोल्ट आवळले, गाडी गल्लीत चार वेळा पुढे-मागे केली (मीनलताई, धन्यवाद), आणि मग अँगल गेज लावून मोजलं. हँडबुकातल्या आकड्याच्या अर्ध्या अंशाच्या आत, दोन्ही बाजू सारख्या.

आज पहाटे तोच रस्ता, तोच पूल. ४० मैल, काही नाही. ४५, काही नाही. मिस्त्री वही घेऊन बाजूला बसले होते, त्यांनी फक्त "पुन्हा एकदा" एवढंच लिहिलं. पाच वेळा तो जोड ओलांडला. स्टेअरिंगला एक टपली बसते आणि शांत. शॉकअपचं तेल मी थेंबभरही बदललेलं नाही.

---

कमानपाटे_कोल्हापूर

लई बरं वाटलं वाचून. पंचचे ठिपके मारणारा माणूस हुशार होता. शंभर मैल झाले की यू-बोल्ट परत आवळा. नवे भरलेले पाटे बसतात, नट आपोआप ढिला पडतो. आणि पाट्यांच्या मधल्या तेलाकडं बघा. पान पानावर सुकं घासत असेल तर पाटाच शॉकअपचं काम करतो, आणि मग शॉकअप चांगला का वाईट ते कळतच नाही.

---

निवृत्त_चाचणीकार

आता शॉकअपची पाळी आली.

जुन्या गाडीचा बंपर दाबून ती किती वेळा झुलते ते पाहायची पद्धत इथे फारशी उपयोगाची नाही. पाटे कडक, पानांचं घर्षण बरंच, हाताने दाबून शॉकअप जेमतेम हलतो. त्यापेक्षा शॉकअपच्या दांड्याची खालची कडी सोडा आणि दांडा हाताने वर-खाली करा. संपूर्ण फेरीत एकसारखा, संथ विरोध लागला पाहिजे. मध्येच कुठे हात रिकामा जाऊन अचानक अडला तर आत हवा आहे किंवा झडप बसत नाही. डावा-उजवा जोडीने तपासा, आणि गाडी गरम असताना पुन्हा एकदा. आपल्याकडच्या मे महिन्यात तेल पातळ होतं, थंड असताना पास झालेला शॉकअप दुपारी नापास होतो.

मागे बसून डुलायला होतं म्हणालात, त्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात मॉरिस ऑली नावाचे इंजिनिअर होते. १९३० साली ते कॅडिलॅककडे गेले. तिथे त्यांनी एक मोठी लिमोझिन घेतली, तिच्या पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं लावली, वेगवेगळ्या स्प्रिंग घातल्या, आणि माणसं बसवून फिरवली. पुढच्या स्प्रिंग मागच्यांपेक्षा मऊ असल्या तर गाडी सपाट तरंगते, हे त्यातून कळलं. कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. मागची स्प्रिंग जरा जलद हलली तर ती पुढच्या हालचालीला गाठते आणि दोन्ही एकत्र विझतात. त्याआधीच्या गाड्यांत उलट होतं, पुढे कडक आणि मागे मऊ. म्हणून काकांच्या गाडीत थोडं डुलणं जन्मजात आहे. ते शॉकअप कडक करून पूर्ण घालवायला जाऊ नका, बैठक दगडासारखी होईल. फक्त डावं आणि उजवं सारखं डुलतंय का ते बघा.

---

पहाटेचा_सारथी

बघितलं. सारखं नाही.

मागच्या उजव्या शॉकअपचा दांडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जड, जणू मधात चमचा फिरवतोय. डाव्याचा मात्र मध्यावर तीन बोटांएवढा पूर्ण रिकामा. वीस वेळा वर-खाली करून हवा काढली, थोडं तेल भरलं, रिकामी जागा बोटभर उरली. अर्ध्या तासाने पुन्हा तीन बोटं. म्हणजे झडप धरत नाही. दुसरा शॉकअप मिळवायला डर्बीकरांनी तिकडच्या एका मालकाशी गाठ घालून दिली आहे, त्यांचे विशेष आभार.

तोवर एक फेरी राहिली होती, ती आज केली. दिवे घाट उतरून. वरून निघताना चारही ड्रम ५० अंशांच्या आत. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, ब्रेक फक्त वळणांआधी, लागोपाठ दाबून ठेवला नाही. खाली पोचल्यावर पुढचे १०८ आणि १०५. पेडल वरती होतं तितकंच खालीही, वास नाही. मिस्त्रींनी चारही हबला हात लावून पाहिला, सगळे सारखे कोमट.

काका मागे बसले होते. अकरा वर्षांनी. घाट संपेपर्यंत काही बोलले नाहीत, दोन्ही हात गुडघ्यांवर. खाली थांबलो तेव्हा म्हणाले, "डावीकडून जरा बसते रे." मी त्यांना शॉकअपबद्दल काही सांगितलं नव्हतं.

---

निवृत्त_चाचणीकार

काकांना वहीत सही करायला सांगा. शॉकअप आला की तोच रस्ता, तीच हवा, तीच माणसं.

---

कमानपाटे_कोल्हापूर

जुना शॉकअप टाकू नका. झडपेची बैठक लेथवर करून देणारा एक म्हातारा आमच्या गल्लीत हाय. घेऊन या, एक दिवस मुक्काम करा. आणि काकांनाबी आणा.